कोकणात राहून बँड फोटोग्राफी: क्लास न लावता पोट भरण्याइतकं जमेल का?

आडवाटेचा प्रवासी
नमस्कार मंडळी. मुक्काम सिंधुदुर्ग. बँडचे, म्हणजे स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे फोटो काढणं हाच धंदा करायचं डोक्यात आहे. कोर्स केलेला नाही, करायला पैसेही नाहीत. सामान म्हणाल तर कॅनन २००डी कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ झूम (किट) लेन्स आणि ६४ जीबीचं एक कार्ड.

विचारायचं असं की आपापलं शिकून यात कुठवर जाता येतं? कोकणात राहून भागेल की मुंबई-गोवा गाठावंच लागेल? आणि थोडे पैसे साठलेत ते बॉडीत (म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात) घालू की लेन्समध्ये? सध्या स्टेजचे फोटो एकतर काळे येतात नाहीतर हललेले. लाल लाइट लागला की गायकाचा टोमॅटो होतो.

तुतारी सुटली
बँड म्हणजे वरातीतला ना? लाल कोट, सोनेरी झालर? नवरदेव सोडून क्लॅरिनेटवाल्याचे फोटो काढलेस तर नवरीचा मामा स्टेशनापर्यंत धावडवील. (हलके घ्या.)

फणसाचा गरा
तुतारी, तुम्ही गंमत केलीत, पण अर्धं उत्तर त्यातच आहे. प्रवासी, इंग्रजी व्हिडिओंत दाखवतात तसा रॉक बँड आपल्याकडे महिन्याला एक मिळाला तरी नशीब. पण वाजवणारे कमी आहेत का? गणपतीत बेंजो (मिरवणुकीतला गाडीवरचा वाद्यमेळ) आणि ढोल-ताशा. कार्तिकापासून जत्रा, म्हणजे दशावतार आणि डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना). रत्नागिरीकडे शिमग्याच्या पालख्या, नमन, जाखडी. मे महिन्यात चाकरमानी गावात असताना ऑर्केस्ट्रा आणि संगीत रजनी. कॉलेजचे फेस्ट वेगळेच. ही सगळी बँडचीच कामं. माणूस अंधारात हलतोय, लाइट दुसऱ्याच्या हातात आहे आणि ‘परत एकदा करा’ म्हणायची सोय नाही, या तिन्ही गोष्टी सगळीकडे सारख्याच. ‘गिटार असेल तरच कॅमेरा काढीन’ असं असेल तर मात्र कोकणकन्येचं तिकीट काढ.

रापणकार
पैसे लेन्समध्ये घाल, दुसरा विचार करू नकोस.

तुझी किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर अडते (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं). ५० एमएम एफ १.८ ही कॅननची सगळ्यात स्वस्त प्राइम (झूम नसलेली लेन्स), जुन्या बाजारात सहज मिळते. ५.६ ला १.८ ने भाग आणि वर्ग कर, उत्तर ९.७ च्या आसपास. म्हणजे त्याच लाइटमध्ये जवळजवळ दहापट उजेड आत येतो. किट लेन्सला जिथे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२८०० लावून फोटो रवाळ होतो, तिथे हिच्यावर १२५० ते १६०० मध्ये काम निघतं. नवी बॉडी घेऊन हा फरक भरून निघत नाही.

२००डीचा सेन्सर लहान, १.६ चा गुणक. म्हणजे ५० ची लेन्स ८० सारखी दिसते. एका माणसाच्या कमरेपासून वरच्या फोटोला छान, पण गावच्या १५ बाय २० फुटी स्टेजसमोर सगळा बँड त्यात मावणार नाही. सगळ्यांच्या फोटोला किट लेन्स १८ वर ठेव, तिथे ती बऱ्यापैकी उघडते.

तीन मीटरवरून एफ १.८ ला स्पष्टतेचा पट्टा जेमतेम २५ सेंटीमीटर असतो. फोकस माइकवर बसला आणि गायक एक वीत मागे गेला की डोळे गेले. फोकसचे सगळे पॉइंट चालू ठेवू नकोस, एकच निवडून डोळ्यावर ठेव. मधला पॉइंट अंधारात सगळ्यात भरवशाचा.

घाटावरचा
रापणकारांशी असहमत. आजच्या काळात फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आरसा नसलेला कॅमेरा) नसेल तर क्लायंट दारात उभं करत नाही. डोळा ओळखून फोकस करणारी बॉडी असेल तर हे सगळं रामायण वाचतं.

रापणकार
घाटावरचे भाऊ, क्लायंट म्हणजे जत्रेचं मंडळ. ते फुल फ्रेम विचारत नाहीत, ‘फोटो सकाळपर्यंत मिळतील ना’ एवढंच विचारतात. डोळा ओळखणारा फोकस झकास असतो हे खरं. पण दशावतारात मुकुट, रंगवलेला चेहरा आणि समोर परजलेली तलवार असली की तोही गोंधळतो आणि तलवारीच्या मुठीवर जाऊन बसतो.

पायपेटी
लेन्स झाली. आता काळे-हललेले फोटो.

मोड एम वर, म्हणजे सगळं हाताने. छिद्र १.८ ते २.२. शटर (किती सेकंद उघडं राहतं ते): बसून गाणारा १/१२५, उभा गायक १/२००, ढोल, ड्रम किंवा दशावतारातलं युद्ध १/३२० ते १/५००. उरलेलं ओझं आयएसओवर टाक, ६४०० पर्यंत घाबरू नकोस. रवाळ फोटो मंडळ स्वीकारतं, हललेला नाही.

कॅमेऱ्याचं मोजमाप स्टेजवर हमखास चुकतं. मागचा पडदा काळा असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारलंय, मग तो उजेड वाढवतो आणि चेहऱ्याचं पीठ होतं. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरतं मोजमाप) लावून चेहऱ्यावर मोज, किंवा पहिल्या गाण्यात दोन-चार फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघ आणि आकडे पक्के कर. लाइटवाला रंग बदलतो, पण उजेडाच्या पातळ्या बहुतेक दोन-तीनच असतात. त्या पाठ झाल्या की हात आपोआप फिरतो.

आणि पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी फ्लड सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/४०० ला फोटो काढलास तर एक उजळ, दुसरा पिवळट, तिसरा अर्धवट काळा. १/१०० किंवा १/५० ला एक पूर्ण हेलकावा आत सापडतो, म्हणून फोटो सारखे येतात. ड्रमरला १/१०० पुरत नाही, तिथे मेनूतलं अँटी-फ्लिकर चालू कर. मग कॅमेरा क्लिक किंचित लांबवून तेजाच्या क्षणी उघडतो.

स्टेजचे रंगीत एलईडी पार वेगळे. ते पीडब्ल्यूएमवर मंद होतात, म्हणजे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद. तिथे अँटी-फ्लिकरचा उपयोग नाही. मिररलेसवाल्यांनी सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेवावं, नाहीतर फोटोभर झेब्रा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात दिवा कित्येकदा मिटून उघडलेला असतो. यांत्रिक शटरला हा त्रास बराच कमी. तुझी डीएसएलआर आहे, म्हणजे आरशाचा कॅमेरा, व्ह्यूफाइंडरमधून काढ, सुखी राहशील.

माजघर
जनरेटरचं विसरलात. जत्रेत अर्धं स्टेज जनरेटरवर असतं. लोड वाढला की इंजिन दमतं आणि ५० चे ४८ होतात, मग १/१०० लाही हलकासा फरक पडतो. अशा वेळी १/५० वर येऊन बसलेल्या माणसांचे फोटो उरकून घ्यावेत.

काजूबोंडू
वाचनखूण साठवली. आजवर वाटायचं की कॅमेराच बिघडलाय.

चौथा सूर
टोमॅटोचं मी सांगतो.

लाल एलईडी म्हणजे शुद्ध लाल, ६२०-६३० नॅनोमीटरच्या आसपासचा चिंचोळा पट्टा. चेहऱ्याची सगळी माहिती एकट्या लाल चॅनलमध्ये येते, हिरवा आणि निळा जवळजवळ रिकामे. कॅमेरा तिघांची सरासरी काढून ‘उजेड कमी आहे’ म्हणतो, तू वाढवतोस, लाल फुटतो. फुटला की गालाचा उठाव गेला, तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. उपाय असा: हिस्टोग्राम रंगांचा वेगवेगळा बघायचा, लाल टेकडी उजव्या भिंतीला टेकता कामा नये. म्हणजे लाल लाइटला एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा. पडद्यावर फोटो काळपट दिसेल, दिसू दे.

फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ. व्हाइट बॅलन्स (पांढरा कुठला ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवर नको, ४००० केल्विनवर ठेवून दे, म्हणजे सगळे फोटो एका चुकीने चुकलेले असतील आणि एकदम दुरुस्त होतील. एडिटिंगमध्ये आधी प्रोफाइल न्यूट्रल, मग लालची संपृक्तता खाली, छटा थोडी नारिंगीकडे. तरी नाही जमलं तर सरळ कृष्णधवल, आणि त्यात लालचा स्लायडर वर. लाल फुटला नसेल तर चेहरा सुंदर उजळतो.

निळा उलटा. तो फुटतो कमी, पण रवाळ येतो आणि फोकसही चाचपडतो. गायकावर निळा असेल तर हात थांबव. लाइटवाला पांढऱ्यावर किंवा पिवळ्यावर येतोच, बहुधा ध्रुवपदाला. दोन गाण्यांत त्याची सवय कळते. शक्य असेल तर कार्यक्रमाआधी त्याच्याशी ओळख कर आणि चहा पाज. ‘अंतऱ्याला समोरून थोडा वॉर्म द्या’ एवढं म्हटलं तरी निम्मे फोटो सुधारतात.

तुतारी सुटली
चहा हीच कोकणातली सगळ्यात फास्ट लेन्स.

सुरमई
तांत्रिक झालं, आता बघायचं कुठे तेही सांगा की कोणीतरी. समोरून काढलेल्या गायकाच्या फोटोत माइक नाक-तोंड खाऊन टाकतो. ज्या हातात माइक आहे त्याच्या विरुद्ध बाजूला ४५ अंशांवर जा. ओठ मिटणाऱ्या अक्षरांना, प-ब-म ला, क्लिक करू नका. आलाप किंवा ओळीचा शेवटचा ‘आ’, तिथे तोंड उघडं असतं आणि माइक थोडा खाली येतो. ओळ संपल्यावर गायक वादकाकडे बघून हसतो ते अर्धं सेकंद तर सोडूच नका.

ड्रमरला झांजा आणि स्टँड आड येतात. स्टेजच्या बाजूने, विंगेतून, हायहॅटच्या (पायाने वाजणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) वरून काढा. काठी वर असतानाचा क्षण पकडायचा, खाली आपटतानाचा नाही. खाली मान असते, वर चेहरा असतो.

हार्मोनियमचा भाता प्रेक्षकांच्या बाजूला असतो, त्यामुळे समोरून नुसती पेटी आणि त्यावर ठेवलेलं मुंडकं दिसतं. बुवांच्या उजव्या हाताला, थोडं उंचावरून गेलात तर पट्ट्यांवरची बोटं आणि चेहरा एका चौकटीत येतात. पखवाजवाला त्याच रेषेत मागे आला तर दुधात साखर.

लाल मातीतली
सुरमई +१. डबलबारीत अभंग चालू असताना सगळे शांत बसलेले असतात, त्यावर दोनशे क्लिक उडवू नका. गजराला कोरसचे हात वर जातात, बुवा गुडघ्यावर येतात. कार्ड आणि बॅटरी त्याच्यासाठी राखा. आणि समोरच्या बाजूच्या बुवांचा चेहरा! एक बुवा चिमटा काढत असतो तेव्हा दुसऱ्याच्या तोंडावर जे चाललेलं असतं तोच दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपांवर फिरणारा फोटो.

दशावतारात आडदशावतार (आख्यानाआधीचा भाग) पहिला. गणपती, ऋद्धी-सिद्धी, संकासुर यांच्या प्रवेशांना लोक अजून जमत असतात, पुढे जागा मोकळी असते. कोन तेव्हाच ठरवून घ्या. आख्यान रंगल्यावर उठून इकडेतिकडे केलंत तर मागून पहिली शिवी आणि दुसरी चप्पल येते. फ्लॅश तर काढूच नका. पांढऱ्या रंगाने माखलेल्या चेहऱ्यावर फ्लॅश पडला की फक्त दोन डोळे उरतात, आणि तलवार फिरवणाऱ्या माणसाला क्षणभर अंधारी येते ती वेगळीच.

घाटावरचा
बेंजोच्या मिरवणुकीत फ्लॅशशिवाय काय दिसणार?

रापणकार
तिथे फ्लॅश चालतो, पण सगळं त्याच्यावर टाकायचं नाही. शटर १/१५ ते १/३०, फ्लॅश कमी ताकदीवर आणि रिअर कर्टनवर, म्हणजे शटर मिटायच्या जरा आधी उडणारा. गाडीवरच्या दिव्यांचे ओघळ येतात आणि शेवटच्या क्षणी कीबोर्डवाला थिजतो. रुंद लेन्स हवी, किट लेन्स १८ वर इथे सोनं.

गुलाल मात्र जीव घेतो. मिरवणुकीत लेन्स बदलायची नाही, घरातून लावून निघायची. पुढे साधा यूव्ही फिल्टर. बॉडीला पारदर्शक प्लास्टिक पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर बँड. घरी आल्यावर आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, मग कापड. ओलं कापड आधी लावलंस तर रंग विरघळून बटणांच्या फटीत उतरतो.

मिठागर
गुलाल वर्षातून दहा दिवस, बुरशी बारा महिने. कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

पावसाळ्यात इथली हवा ८५-९० टक्के दमट. ६५ च्या वर हवा टिकून राहिली की लेन्सच्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी धरते आणि काचेवरचा लेप खाते. कॅमेऱ्याची बॅग ही सगळ्यात वाईट जागा, कारण फोम ओल धरून ठेवतो. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा घे, १२-१५ लिटरचा. त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खालीही नको, रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत परतायचे, गार करून परत आत. तो तवा पुन्हा भाकरीला नको, निळ्या दाण्यांत कोबाल्टचं मीठ असतं.

काजूबोंडू
तांदूळ नाही चालत का? घरात पोतं पडलंय.

मिठागर
नाही! तांदूळ ओल शोषतो नावापुरती, आणि त्याचं पीठ लेन्सच्या फटीत गेलं की बुरशीला जेवणच वाढून ठेवल्यासारखं. तांदळाची पेज करा.

तुतारी सुटली
पेज, वर खाराची कैरी. धागा आता योग्य मार्गाला लागला.

मिठागर
एसी गाडीतून किंवा लॉजच्या एसी खोलीतून थेट बाहेर कॅमेरा काढला तर काचेवर दव धरतं, आतल्या बाजूनेही. अर्धा-पाऊण तास बॅगेतच बंद राहू द्यायचा. किनाऱ्यावरच्या महोत्सवात खारा वारा असतो. रात्री घरी आल्यावर गोड्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने बॉडी पुसायची, मग कोरड्याने. कोरड्यानेच घासलंस तर मिठाचे कण ओरखडे काढतात.

पायपेटी
भर घालतो. डीजेचे लेझर. किरण थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते. मिररलेसला धोका जास्त, कारण सेन्सर सतत उघडा असतो. डीएसएलआरचा आरसा बराच वेळ आड असतो, पण तोच किरण व्ह्यूफाइंडरमधून डोळ्यात येतो, तेव्हा सुख मानू नकोस.

आणि कान. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. सबवूफरपुढे उभा राहून तीन तास फोटो काढणारा माणूस चाळिशीत ‘काय म्हणालात?’ विचारत असतो. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. पिळून बारीक करायचे, कान वर ओढून आत घालायचे, फुगेपर्यंत दाबून धरायचे. नुसते दाराशी अडकवले तर उपयोग शून्य.

खळ्यातला माणूस
तुम्ही सगळे कलेचंच बोलताय. पैसे देणाऱ्याचं कोण बोलणार? कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा फोटो गायकाचा नसतो. शाल-श्रीफळ देताना अध्यक्ष, उपाध्यक्ष, देणगीदार आणि कोपऱ्यात अर्धवट दिसणारे खजिनदार, तो असतो. खजिनदार कापले गेले की बिल तीन महिने पुढे. सत्काराच्या वेळी लेन्स बदलत बसू नकोस. किट लेन्स लाव, एफ ५.६, वरून लावायचा फ्लॅश असेल तर छताकडे वळव, तो किंवा छत नसेल तर थेट. चार वेळा दाब, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतील.

फणसाचा गरा
खळ्यातला माणूस, दंडवत. याला म्हणतात अनुभवाचे बोल.

वेळेचंही लक्षात ठेव. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ती मुदत १२ पर्यंत वाढवू शकतं. म्हणून संगीत रजनीत भाषणं संपून मुख्य गायक ९ ला येतो आणि १० ला माइक उतरतो. तुझ्या हातात तासभर. त्याआधीच्या नवोदितांवर बॅटरी संपवू नकोस.

आडवाटेचा प्रवासी
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ५० एमएम बघायला सुरुवात केली आहे. एक विचारायचं राहिलं. फोटो मी काढला म्हणजे मालक मीच ना? एका ऑर्केस्ट्राचं पोस्टर पाहिलं, फोटो दुसऱ्याचा होता आणि नाव कुठेच नव्हतं.

घाटावरचा
अर्थात. ज्याने काढला त्याचा कॉपीराइट. जगभर हाच नियम.

चौथा सूर
घाटावरचे, इथे चुकलात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. एरवी पहिला मालक छायाचित्रकार, बरोबर. पण कोणी सांगून आणि मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे मंडळाने पैसे दिले आणि तू काहीच ठरवलं नाहीस, तर ते फोटो मंडळाचे. फुकट गेलास, स्वतःच्या मर्जीने काढलेस, तर तुझे. उलटंच वाटतं, पण असंच आहे.

कलम ५७ मात्र तुझ्याकडेच राहतं, मालकी गेली तरी. फोटो आपला आहे हे सांगण्याचा हक्क आणि तुझी बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क.

म्हणून कामाआधी चार ओळी पाठवायच्या आणि त्यावर त्यांचा होकार घ्यायचा. मसुदा हा घे: “फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. बँडला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी, समाजमाध्यमांवर आणि बॅनरवर फोटो कायम वापरता येतील, सोबत छायाचित्रकाराचं नाव द्यावं. तिसऱ्या कोणाला द्यायचे किंवा विकायचे असल्यास आधी विचारावं.” मोठ्या रकमेचं काम असेल तर हेच कागदावर, सहीनिशी.

घाटावरचा
माहीत नव्हतं. चूक कबूल.

तुतारी सुटली
धाग्यावर चूक कबूल! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

सुरमई
फोटो द्यायचे कसे हे पण लिहिते, कारण पुढचं काम त्यावर मिळतं. तीन तासांच्या कार्यक्रमात ८००-९०० फोटो होतात. रॉ फाइल २५-३० एमबीची, म्हणजे २५ जीबीच्या आसपास. ६४ चं एक कार्ड पुरेल, पण एकच कार्ड नको, ३२ ची दोन घे. एक मेलं तर अर्धा कार्यक्रम तरी वाचतो. घरी पोचल्यावर झोपायच्या आधी कॉपी दोन ठिकाणी, आणि दुसऱ्या दिवशी त्या उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

निवड निर्दयपणे. ९०० चे ६०-७०. बँडला सगळे देऊ नका, ते नेमका सगळ्यात वाईट निवडून डीपी लावतात. त्याच रात्री पाच फोटो मोबाइलवर घेऊन पाठवा, उभे, ४:५ प्रमाणात, १०८० बाय १३५०. सकाळी बँडवाले पोस्ट टाकतात तेव्हा तुमचे तयार असले पाहिजेत, नाहीतर कोणाच्या तरी मोबाइलवरचे जातात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर पार चेपला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाकीचे ड्राइव्हच्या लिंकवर तीन दिवसांत.

खळ्यातला माणूस
आता दर. आकडा सांगत नाही, तो गावागणिक बदलतो. हिशोब सांगतो. लोक तीन तासांचा कार्यक्रम म्हणून तीन तासांचे पैसे मागतात. जाण्यायेण्याचे तीन, आधी पोचून थांबायचा एक, निवड आणि एडिटिंगचे पाच. झाले बारा. दर बारा तासांचा लाव.

शटर झिजतं तेही धर. अशा बॉडीचं शटर साधारण लाखभर क्लिकचं समजतात. कार्यक्रमाला ९०० म्हणजे ११० कार्यक्रमांत बॉडी म्हातारी. तिच्या किमतीला ११० ने भाग आणि प्रत्येक बिलात तेवढे बाजूला काढ. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले लिंक देण्याआधी. जत्रेच्या मंडळाकडून आगाऊ मिळत नाही, तिथे निदान कोण देणार त्या एका माणसाचं नाव पक्कं कर. ‘मंडळ देईल’ म्हणजे कोणीच देत नाही.

फणसाचा गरा
मूळ प्रश्नावर येतो, धागा पेजेपर्यंत जाऊन आला.

कोकणात राहून चालेल का? जून ते गणपतीपर्यंत जवळजवळ शून्य. तेव्हा दुरुस्ती, डबा सांभाळणं आणि जुन्या फोटोंतून २० फोटोंचा पोर्टफोलिओ. वीसच. त्यात एकाच गायकाचे दोन नकोत. गणपतीत आणि नवरात्रात रोज रात्री काम. मग जत्रा, शिमग्यापर्यंत. मग लग्नं आणि रजनी. आठ महिन्यांत आठवड्याला दोन धरले तर ६५-७० कामं होतात. त्यात तालमीतले बँड फोटो, पोस्टर आणि अल्बमची मुखपृष्ठं मिळवायची, कारण ती दिवसा होतात आणि पावसातही होतात. नुसत्या स्टेजवर पहिली दोन वर्षं काढायचा हट्ट नको, सोबत लग्नं घे.

गोवा सोडू नकोस. सावंतवाडीकडून हद्द जवळ, नोव्हेंबर ते मार्च तिथे हॉटेलं आणि क्लबांत रोज लाइव्ह बँड असतात. लहान जागांत मॅनेजरला विचारून जाता येतं. मोठ्या महोत्सवात पास लागतो आणि बहुधा ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ हा नियम. तीन गाणी म्हणजे दहा-बारा मिनिटं. ज्याने दशावतारात तास-तास एका कोनात बसून काढलेत त्याला ती कमी पडत नाहीत.

चौथा सूर
शिकण्याबद्दल एकच. जिम मार्शल नावाचा, गायक-वादकांचे फोटो काढणारा अमेरिकन छायाचित्रकार होता, १९३६ ते २०१०. त्याला २०१४ मध्ये, मरणोत्तर, ग्रॅमीवाल्यांनी ट्रस्टीज पुरस्कार दिला, छायाचित्रकाराला पहिल्यांदाच. त्याचे फोटो बघताना लाइट कुठून येतोय आणि तो स्वतः कुठे उभा असेल एवढंच ओळखायचा प्रयत्न कर. बहुतेक वेळा उत्तर येतं: फार जवळ.

लाल मातीतली
आणि फार जवळ जायचं तर आधी बुवांना नमस्कार करून, जागा विचारून. गाभाऱ्यात आणि पालखीजवळ गावकऱ्यांची परवानगी लागते, हेही.

आडवाटेचा प्रवासी
५० मिळाली. जुनी आहे, पण बॅटरीच्या उजेडात आत बुरशी दिसत नाही. डबा आणि सिलिका आणले. शुक्रवारी एका वाडीत बारी आहे, फुकट जातोय, म्हणजे चौथा सूर यांच्या हिशोबाने फोटो माझेच. एकच अडचण. बुवांना चष्मा आहे आणि समोर दोन हॅलोजन. चष्म्यात दोन पांढरे ठिपके येतील त्याचं काय करू?

सुरमई
दिवे समोर वरून असतील तर खाली बसू नकोस, थोडा उंच राहा आणि बाजूला सरक, ठिपके काचेच्या कडेला जातात. पूर्ण जात नसतील तर बुवा पेटीकडे बघायला मान खाली घालतात तेव्हा काढ.

तुतारी सुटली
नायतर मध्यंतरात चष्मो पुसूक घेऊन जा आणि परत देऊ नको. बुवा कोरसाच्या भरवशावर गातले.